रामधनच्या गाडीचा मांगचा पत्रा

पहिलेच सांगून ठेवतो, मी भुताखेताले मानत नाही. माह्या दुकानात गाडीले लटकवाच्या प्लास्टिकच्या निंबू-मिरच्या विकाले आहेत, पन त्या घेनाऱ्याच्या भेवासाठी आहेत, माह्या नाही. कामरगावच्या स्टँडवर गाड्यायच्या सामानाचं दुकान आहे माहं. नवरा, सतीश, मंगरूळले शाळेत शिपाई आहे, म्हून गल्ल्यावर मीच बसतो. 'बाईमानसाले नट-बोल्टातलं काय समजते' म्हननारे लय आले, अन् चुकीचा बोल्ट घेऊन दुसऱ्या दिवशी वापसबी आले. माहं नाव सुकेशनी. तोंड फाटकं आहे असं सारं गाव म्हनते, अन् गाव काही खोटं बोलत नाही.

तर रामधनची गोष्ट. आमच्यापासून दोन-अडीच कोसावर तांडा आहे, तिथचा हा रामधन. पन्नाशीचा, काटकुळा, गळ्यात रुमाल, बोलनं कमी. वीस-बावीस वर्सं झाली, कारंजा ते कामरगाव ते तांडा अशी काळीपिवळी जीप चालवते. खाली काळा पत्रा, वरतं पिवळं टप, अन् आतमंदी जेवढे कोंबसान तेवढे मानसं.

तीन-चार वर्सापासून याची एक सवय साऱ्या रस्त्यावर माहीत होती. जिथं गाडी थांबे, तिथं हा खाली उतरे, चक्कर मारून मांगं जाय, गाडीखाली वाकून पाहे, रस्त्यावर दूरपर्यंत पाहे, अन् आतल्या एकेकाच्या डोक्याले हात लावून मोजे. मंगच गाडी काढे. दुसरे डायवर तेवढ्यात अर्धा रस्ता कापत. पोट्टे म्हनत, "रामधनकाकाची गाडी म्हनजे जनगणना आहे!" हा हासेबी नाही अन् चिडेबी नाही. खाली मान घालून पुन्हा मोजे.

दुसरी गोष्ट त्याच्या थापेची. आमच्याकडं काळीपिवळीले घंटी नसते. मांगच्या पायदानावर जो शेवटी चढते तो पत्र्यावर थाप मारते. एक थाप म्हनजे थांब. दोन थापा म्हनजे चाल. लेकरायले पाढ्याच्या आंधी हे येते. पन रामधनच्या गाडीवर मांगं लाल पेंटानं लिहेल होतं, 'थाप मारू नये. तोंडानं सांगा.' कोनी इसरून मारली तर हा असा दचके का हातातलं स्टेरिंग सुटाचं. मले वाटे, बीपीचा त्रास असन बिचाऱ्याले. मी गिऱ्हाइकायले सांगो, म्हातारी माय एकटी पाठवाची असन तर रामधनभौच्या गाडीत पाठवा, तो मानूस कोनाले मांगं सोडत नाही. असं मी माह्या तोंडानं सांगितलेलं आहे, अन् त्याची मले आता लाज वाटते.

बायायले एसटीत अर्धं तिकीट झालं तवापासून काळीपिवळीचा धंदा बसला. या वर्सी होळी झाल्यावर एका दुपारी रामधन दुकानात आला. म्हने, "ताई, गाडी विकून राह्यलो. यवतमाळकडचा मानूस आयतवारी पाहाले येते. चमकावाची आहे, सस्त्यात."

मी मनात म्हनलं, बरा सापडला! अकोल्याच्या एजंटनं वॅक्स पॉलिशचे बारा डब्बे माह्या गळ्यात बांधले होते. लाल डब्बा, वरतं विलायती गाडीचं चित्र, किंमत शंभराच्या आत. सहा महिन्यात दोन खपले, त्यातला एक वापस आला. मी डब्बा पुढं सरकवला.

त्यानं तो उलटा-पालटा केला. "याच्यानं सारं मिटते का?"

"ओरखडे मिटतात. डाग जातात."

"सारं?"

"अवो, आता ते कंपनीवाल्यालेच माहीत! चाला, लावून पाहू. नाही चमकली तर डब्बा वापस करा."

गिऱ्हाइकाले आपल्या हातानं करून दाखवल्याबिगर सस्त्या मालावर त्याचा इस्वास बसत नाही. मी फडकं, बालटी अन् स्पंज घेऊन बाहेर आली. दुपारचे बारा-साडेबारा वाजले असतीन. स्टँडवर कुत्रंबी नव्हतं. तो बोनेटजवळ उभा राह्यला, म्हने इथं लावा. पन बोनेट बरं होतं. मले तर गाडीचा सगळ्यात खराब भाग पाहिजे होता, म्हनजे फरक दिसते. मी सरळ मांगं गेली, डाव्या अंगाले. तिथचा काळा पत्रा असा मयला का जसा वर्सानुवर्सं कोनी हात लावला नाही. तवा मले आठवलं, हा साऱ्या गाडीले फडकं मारे, पन या पत्र्यावर दूरूनच पान्याची बालटी फेके.

"तथी नको, ताई."

"काहून नको?"

तो बोनेटजवळून हालला नाही. मी ऐकनारी थोडीच. धुतलं, पुसलं, कोरडं केलं. स्पंजावर बोटभर वॅक्स घेतलं अन् गोल-गोल फिरवलं. वास घासलेटासारखा. दहा मिनिटात ते सुकून साऱ्या पत्र्यावर पांढरं पडलं. मंग मी सुकं फडकं घेतलं अन् पुसत गेली. काय सांगू, एक नंबर चमक! काळ्या पत्र्यात माहं तोंड दिसाले लागलं. मी खुश. अकोल्याच्या एजंटले उगीच शिव्या घातल्या म्हनलं.

मंग दिसलं का माह्या तोंडाच्या मधात काहीतरी पांढरं राह्यलं आहे. पुसलं. राह्यलंच. जोर लावून पुसलं, तरी राह्यलं. वल्लं फडकं मारलं तवा गेलं. मी हुश्श केलं अन् कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. ऊन कडक होतं, पानी भराभर सुकत गेलं, अन् जसं सुकलं तसं ते पुन्हा वरतं आलं. पहिले अंगठा आला. मंग तळवा. मंग करंगळी, अन् एकेक करत बाकीची बोटं. माह्या डोळ्यासमोर, भर दुपारी, कोनी आतून हात टेकवत असन असा एक पंजा त्या पत्र्यावर उमटला.

अंगठ्याजवळचं बोट अर्धंच होतं.

त्याच्या खाली अजून एक पंजा होता. त्याची बोटं मांगच्या दिशेनं लांबलचक फराटत गेली होती, पत्रा संपेपर्यंत. त्याचंबी तेच बोट अर्धं.

माह्या हातातलं फडकं खाली पडलं. मी अजून एक सबदबी बोलली नव्हती. रामधन तिकडं बोनेटजवळ उभा होता, तिथून त्याले हा पत्रा दिसतबी नव्हता. तिथूनच त्यानं इचारलं, "किती आहेत?"

माय वो! अंगावर असा काटा आला का आता सांगतानाबी येते.

"काय किती?" मी म्हनलं.

"हात," तो म्हने. "एक का दोन?"

"दोन."

तो होता तिथंच, टायराजवळ, मातीत बसला.

असं अर्धं बोट आमच्या पंचक्रोशीत एकाच बाईचं होतं. हिरीबाईचं. रामधनच्याच तांड्यातली, बादलची माय. कडबा कापाच्या मशीनमंदी बोट गेलं होतं तिचं. बाजाराच्या दिवशी माह्या दुकानाच्या सावलीत येऊन बसे, तळहातावर तंबाखू अन् चुना घेऊन मळत राहे अन् साऱ्या स्टँडची खबर सांगे. हात सदा चुन्यानं पांढरा. चार वर्सापहिले वैशाखात ते गेली, अन् कशी गेली ते इथं सगळ्यायले माहीत आहे.

त्या दिवशी बाजार करून सारे रामधनच्या गाडीत तांड्याकडं निघाले. हिरीबाई अन् तिची सून लाली, दोघीबी होत्या. बाजारात दोघीयचं भांडन झालं होतं, सगळ्यायनं पाह्यलं होतं. अर्ध्या रस्त्यात, नाल्याच्या मोरीवर, रेडिएटर तापलं म्हून रामधननं गाडी थांबवली. मानसं उतरली, पानी टाकलं, मानसं चढली. हिरीबाई नाल्याच्या पलीकडं झुडपात गेली होती. गाडी गच्च भरेल, धुराळा उडेल. लाली पुढं, सासू मांगं बसली असन असं तिले वाटलं. गाडी निघून गेली. तांड्यात पोचल्यावर पाह्यलं तर म्हातारी नाही. वापस जाईपर्यंत उशीर झाला होता. ते त्या उन्हात गाडीमांगं चालत निघाली होती. एका बाभळीखाली सापडली.

तांड्यात मानसं जमली. बादल तर येडा झाला होता. लाली म्हने, "मी थाप आयकली. दोन थापा. म्हून मले वाटलं सासूबाई बसल्या." मांगं बसलेले म्हने, गडबडीत आमाले काही समजलं नाही. रामधनले इचारलं, थाप आली होती का? रामधन म्हने, नाही. थाप कोनीच मारली नाही. लालीनं 'चाल' म्हनलं म्हून मी गाडी काढली.

झालं. सासूले मुद्दाम उन्हात सोडून आली, असा ठपका बसला. बादलनं तिले तिच्या भावाकडं आसेगावले पोचवून देल्लं. चार वर्सं झाली, ते तिथंच. तिच्या तोंडाकडं पाहून तांड्यातल्या बाया थुकत, हे मी माह्या कानानं आयकलं आहे. मीबी म्हनलं होतं, अशी कशी बाई! अन् रामधन तवापासून डोके मोजाले लागला, तर आमाले वाटलं, दुसऱ्याच्या पापाचा यानं धडा घेतला.

चुन्याचं मले समजते. वैशाखातला तापला पत्रा, त्यावर चुन्याचा वल्ला हात. चुना रंगाले खाऊन टाकते. वरतून दिसत नाही, पन तिथं पत्रा खरबडा होते, अन् सस्तं वॅक्स त्यात भरून बसते. एवढंच झालं होतं. सारं समजलं. पन समजल्यानं काही अंगावरचा काटा खाली बसत नाही.

मी रामधनजवळ गेली. "तुमी आयकली होती?"

"आयकली होती, ताई." त्यानं मान वर केली नाही. "दोन आल्या. दोन म्हनजे चाल. वीस वर्सं झाली, कानाले तेच समजते. आरशात पाह्यलं नाही. गेर टाकला अन् काढली. ते थांब-थांब म्हनून मारत होती, अन् मले चाल आयकू आलं."

"मंग तसं काहून नाही सांगितलं?"

"बादलच्या हातात कुऱ्हाड होती. मी घाबरलो. एक सबद तोंडातून गेला. मले वाटलं उद्या सांगीन. मंग तेरवीनंतर सांगीन. मंग लालीले पोचवून आले, अन् मंग सांगाचं राह्यलंच." मंग म्हने, "गाडी रिकामी असली का थापा येतात, ताई. नाल्याच्या मोरीवर. दोन. मी रोज उतरून पाहतो."

असं होतं तर! आमी ज्याले चांगुलपना समजत होतो, तो हा होता. मले राग आला, अन् राग आला का मी कोनाचं वय पाहत नाही. "वा रे वा रामधन! साऱ्या रस्त्याचे डोके मोजत फिरला तू, अन् जिच्या डोक्यावर तू पाप ठेवलं तिले मोजलंच नाही! लाली काय मानसात नव्हती?"

तो उठला. मले वाटलं काही बोलन. पन त्यानं माह्या हातचा डब्बा ओढून घेतला, सारं वॅक्स त्या पत्र्यावर थापलं अन् घासाले लागला. घामाघूम झाला. पुसलं, पुन्हा पांढरे पंजे. दुकानातून पेट्रोलची बाटली आनली, ते ओतलं. पेट्रोल उडून गेलं अन् पंजे हजर. मी मधात पडली नाही. म्हनलं, "घास. हात घासून काढशीन, लालीचं तोंड कशानं घासशीन? आयतवारी गाडी गेली का तिची साक्षबी गेली. मंग ते मरेपर्यंत खोटी. तुले जमन का तसं?"

लय वेळ तो घासत राह्यला. मंग फडकं खाली टाकलं अन् म्हने, "बादल मले जित्ता ठेवनार नाही."

"नाही ठेवन तर नाही."

"तुमी येता का संग? मी एकट्यानं गेलो तर रस्त्यातूनच वापस येईन. मले माहा भरोसा नाही."

हे एवढं खरं बोलला तवा माहा राग जरासा उतरला. मी शटर खाली ओढलं अन् त्याच्या बाजूच्या सीटवर बसली.

पहिले तांड्याकडं, बादलले घ्याले. गाडी रिकामी. नाल्याची मोरी आली. इंजिनचा आवाज होता, खिडकीचा काच खडखडत होता, हे मी मान्य करतो. पत्रा ढिला असन, गोटा उडाला असन. पन मी जे आयकलं ते आयकलं. मांगं, डाव्या अंगाले, धप. धप.

रामधननं ब्रेक दाबला. त्यानं माह्याकडं पाह्यलं, म्या त्याच्याकडं. दोघंबी खाली उतरलो. रस्ता सरळ दूरपर्यंत, वरतं ऊन हालत होतं, बाभळी, अन् कोनी नाही. त्यानं सवयीनं गाडीखाली वाकून पाह्यलं. त्यानं मले पाहाले सांगितलं नव्हतं, तरी मीबी वाकली. खाली मातीशिवाय काही नव्हतं. त्यानंतर मी तोंडातून सबद काढला नाही, अन् माह्यासाठी ते किती आहे ते सतीशले इचारा.

बादल वावरातून आला होता. रामधननं त्याले गाडीच्या मांगं नेलं. त्यानं पत्रा पाह्यला. ते अर्धं बोट पाह्यलं. आपल्या मायचा हात कोन इसरते? त्याचं सारं तोंड एका बाजूले वाकडं झालं. "हे कायचं आहे?" तो म्हने.

"आसेगावले लालीसमोर सांगतो," रामधन म्हने. "तिथं सांगू दे. मंग तुले जे कराचं ते कर."

बादल मांगं बसला. पुढं कितीबी जागा असताना मांगं, त्या पत्र्याले आतून हात लावून. मंगरूळवरून आसेगावले गेलो. दीड-पावनेदोन तास लागले.

लाली भावाच्या अंगनात तूर पाखडून राह्यली होती. आमाले पाह्यलं अन् उभी झाली, पदर डोक्यावर घेतला. अशी वाळली होती का मी पहिले वळखलीच नाही. रामधननं तिले पत्रा दाखवला अन् खाली पाहत सारं सांगितलं. थाप आली होती. दोन आल्या होत्या. तू 'चाल' म्हनलं नव्हतं.

मले वाटलं आता हे रडन. शिव्या देईन. मी असती तर सूप त्याच्या डोक्यात घातलं असतं. तिनं त्या पंजावर बोट ठेवलं अन् हळूच इचारलं, "दोनच होत्या ना?"

"दोनच."

"पक्कं?"

"पक्कं, वहिनी."

तिनं बोट तिथून उचललं नाही. "सारे म्हनत होते का थाप नव्हती," ते म्हने. "पहिल्या वर्सी मी सगळ्यायशी भांडली. मंग मलेच वाटाले लागलं का नसन थाप. मंग असं वाटाले लागलं का मीच 'चाल' म्हनलं असन. रोज झोपताना मले माहाच आवाज आयकू ये, चाल म्हनताना. मी मानलं होतं, भौ. मीच मारलं सासूले, असं मी मानून घेतलं होतं."

माहे डोळे भरून आले, अन् मी ते लपवले नाहीत. बादल पुढं झाला. हात जोडले त्यानं. म्हने, "घरी चाल, लाली."

तिनं त्याच्याकडं पाह्यलं. "चार वर्सात एकडाव तरी येऊन इचारलं असतं मले." एवढंच. मंग सूप भिंतीले टेकवलं, भावजयीले सांगितलं, अन् गाडीत पुढं येऊन बसली. "येतो मी. पन नांदाले नाही. आयकाले येतो. जिथं मले खोटी ठरवलं, तिथं हा सांगन, अन् मी बसून आयकन."

दिवस बुडाच्या आंधी आमी तांड्यात पोचलो. मंदिराच्या ओट्यासमोर तांड्याच्या नायकानं मानसं बोलावली. ज्या बाया थुकत होत्या त्याबी आल्या. लाली सगळ्यायच्या मधात मांडी घालून बसली. रामधन उभा राह्यला अन् त्यानं सांगितलं. आवाज फाटत होता. बादल जाग्यावरून हालला नाही. कोनी त्याच्या अंगावर गेलं नाही, कोनी शिवी देल्ली नाही. नुसते सारे लालीकडं पाहत राह्यले, अन् एक म्हातारी तोंडाले पदर लावून रडाले लागली.

रामधन थांबला. त्याले वाटलं झालं. तो खाली बसाले लागला.

"अजून एकडाव सांग," लाली म्हने.

त्यानं पुन्हा सांगितलं. थाप आली होती, दोन आल्या होत्या, लालीनं 'चाल' म्हनलं नव्हतं.

"अजून."

त्यानं सांगितलं. अंधार पडत आला तरी ते त्याले बसू देत नव्हती, अन् तांड्यातलं कोनी उठून गेलं नाही.